वसईचे दुभाषी संत गोन्सालो गार्सिया

ज्युबिलीच्या या स्मरणिकेसाठी एखादे संतचरित्र लिहून द्यावे, असे आपल्या मंडळींनी सुचविले, तेव्हा दूरदेशीचे पुष्कळ थोर संत माझ्या मनापुढे उभे राहिले. परंतु जी उल्हास नदी ठाण्याच्या उत्तरेस वळण घेऊन वसईच्या खाडीने समुद्रास मिळते, तिच्या मुखाशीच एक संत जन्मास आले असताना आपण रोमकडे किंवा पॅरिसकडे का पाहावे, असा विचार आला. संत गोन्सालो गार्सिया हे नाव खोपटच्या आपल्या मंडळीस नवे नाही. तथापि नाव ठाऊक असणे निराळे आणि चरित्र ठाऊक असणे निराळे. त्यांना जपानात क्रुसावर चढवून मारले, एवढेच बहुतेकांना सांगता येते. त्या मरणापूर्वी चाळीस वर्षे ते कसे जगले, हे फारसे कोणी विचारीत नाही. आणि माझ्या अल्प मतीप्रमाणे त्यांच्या पावित्र्याची मुळे तेथेच आहेत.

वसई १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांच्या हाती आली. त्यानंतर सुमारे बावीस वर्षांनी, म्हणजे १५५६ च्या सुमारास, गोन्सालो यांचा जन्म तेथे झाला. त्यांचे वडील पोर्तुगीज होते व आई येथलीच होती. अशा संमिश्र कुळातील मुलाची स्थिती त्या काळी मोठी चमत्कारिक असे. राज्यकर्ते त्याला पुरता आपला मानीत नसत आणि गावकरीही त्याला थोडा परकाच लेखीत. दोन माणसांच्या मध्ये उभे राहून एकाचे म्हणणे दुसऱ्यास कळविणे, हे काम जणू जन्मापासूनच अशांच्या वाट्याला येई.

वसईच्या किल्ल्यात येशूसंघाच्या फादरांची शाळा होती. तेथे गोन्सालो यांचे शिक्षण झाले. सेबास्त्याव गोन्साल्विस नावाच्या येशूसंघीय गुरूंचा त्यांच्यावर विशेष लोभ होता. १५७२ साली, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, हा मुलगा मिशनऱ्यांबरोबर जपानास गेला. जपानी भाषा त्याने फार लवकर आत्मसात केली. पुढे सुमारे आठ वर्षे तो फादरांच्या हाताखाली धर्मशिक्षकाचे काम करीत होता. गावोगाव जावे, नवख्रिस्ती लोकांना प्रार्थना शिकवाव्या, फादरांचे शब्द लोकांना आणि लोकांचे शब्द फादरांना समजावून सांगावे, असा त्याचा दिनक्रम असे.

येशूसंघात प्रवेश मिळावा, अशी त्याची उत्कट इच्छा होती. ती सफल झाली नाही. त्या काळी देशी व संमिश्र रक्ताच्या तरुणांना संघात घेण्यास वरिष्ठ मंडळी नाखूष असत. ही गोष्ट आज वाचताना आम्हां धर्मगुरूंना संकोच वाटतो, परंतु ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आठ वर्षे ज्या घराची सेवा केली, त्या घराचे दार आपल्याला उघडत नाही, हे कळल्यावर तरुण मनाला काय वाटले असेल! अशा प्रसंगी किती माणसे देवळाची पायरी सोडतात, ते मी आपल्याच लोकांत पाहिले आहे. एखाद्या समितीत नाव घेतले नाही, एखाद्या सणाला मान मिळाला नाही, एवढ्यावरूनही वर्षानुवर्षे मिस्सेला न येणारे लोक आहेत.

गोन्सालो यांनी फादरांचा निरोप घेतला, परंतु परमेश्वराचा घेतला नाही. ते व्यापारी झाले. चीन व जपान यांच्या दरम्यानच्या समुद्रात त्या वेळी रेशमाचा व रुप्याचा मोठा व्यापार चाले. भाषा येत असल्यामुळे व माणसे ओळखीची असल्यामुळे त्यांचा त्यात चांगला जम बसला. पैसा मिळाला, प्रतिष्ठा मिळाली. तरीही चैन पडेना. अखेर व्यापाराच्या निमित्ताने फिलिपाईन्समधील मनिला शहराशी संबंध आला असता तेथील फ्रान्सिस्कन मठवासीयांशी त्यांचा परिचय झाला आणि भरभराटीत आलेला धंदा सोडून त्यांनी संत फ्रान्सिसचा जाडाभरडा झगा अंगावर घेतला. ते धर्मगुरू झाले नाहीत. शेवटपर्यंत साधे ब्रदरच राहिले.

येथे ठाण्याच्या वाचकांस एका गोष्टीची आठवण करून देणे अवश्य आहे. याच फ्रान्सिस्कन संघाचे मिशनरी १३२१ च्या एप्रिल महिन्यात आपल्या ठाण्यात धर्मासाठी मारले गेले. तोलेंतिनोचे फादर थॉमस व त्यांचे सोबती यांच्यामध्ये तिफ्लिसचे देमेत्रियस नावाचे एक ब्रदर होते आणि तेही अनेक भाषा जाणणारे होते. गोन्सालो यांच्या पावणेतीनशे वर्षे आधी याच खाडीच्या काठी भाषा जाणणाऱ्या एका ब्रदराने आपले रक्त सांडले होते.

आता मुख्य प्रसंगाकडे वळू. जपानचा सर्वाधिकारी तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ मध्येच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. मात्र त्याची अंमलबजावणी कडकपणे झाली नाही. पुढे १५९१ साली त्याने मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराला पत्र पाठवून शरण येण्याची मागणी केली. या प्रकरणात हारादा किएमोन नावाचा एक जपानी व्यापारी मध्यस्थ होता. स्पॅनिश मंडळींच्या वृत्तांतांवरून असे दिसते, की या गृहस्थाने मनिलात एक सांगितले व जपानात दुसरेच. मनिलातील लोकांना वाटले, की हिदेयोशीला केवळ मैत्री हवी आहे. हिदेयोशीला वाटले, की मनिलाचे लोक मांडलिक होण्यास तयार आहेत. दोन्ही बाजूंना गोड लागेल ते बोलणारा मनुष्य काही काळ दोघांचाही लाडका होतो. हा प्रकार आजही बाजारात, कचेरीत आणि (देवाने क्षमा करावी) देवळाच्या आवारातही दिसतो.

१५९३ साली गव्हर्नराने फादर पेद्रो बाउतिस्ता यांना वकील नेमून जपानला पाठविले. बरोबर तीन फ्रान्सिस्कन होते, त्यांत दुभाषी म्हणून ब्रदर गोन्सालो. कोरियावरील स्वारीसाठी हिदेयोशी त्या वेळी हिझेन प्रांतातील नागोया येथे छावणी देऊन राहिला होता. तेथे दरबार भरला. हिदेयोशीने आपल्या जन्माच्या वेळच्या सूर्याच्या शुभचिन्हाची बढाई सांगितली, आपले सामर्थ्य वर्णिले आणि मनिला शरण न आल्यास सैन्य पाठविण्याची धमकी दिली. फादर पेद्रो यांचे उत्तर असे होते, की आम्ही मैत्रीस तयार आहोत, परंतु आज्ञापालन परमेश्वराचे व आमच्या राजाचे. दुसऱ्या कोणाचे नाही.

हे उत्तर जपानी भाषेत उच्चारण्याचे काम गोन्सालो यांच्याकडे होते. वाचकांनी क्षणभर तो दरबार डोळ्यांपुढे आणावा. समोर असा मनुष्य बसला आहे, की ज्याच्या एका इशाऱ्याने मान धडावेगळी होते. बाजूला उभ्या असलेल्या वकिलांना जपानी भाषा येत नाही. दुभाष्याने शब्द थोडे मऊ केले असते, शरणागतीचा थोडा भास होऊ दिला असता, तर वकिलांना ते कळलेही नसते. हिदेयोशी खूष झाला असता, दुभाष्याचा जीव वाचला असता, कदाचित इनामही मिळाले असते. पकडले जाण्याचे भय नव्हते; साक्षीदार नव्हता. हारादाने जे केले तेच करण्याची ही सोपी संधी होती. गोन्सालो यांनी ते उत्तर जसे होते तसे सांगितले.

या प्रसंगाबद्दल लिहिताना मला माझीच एक गोष्ट लपविता येत नाही. नवदीक्षित असताना एका परदेशी फादरांच्या प्रवचनाचे मराठी भाषांतर मी देवळात उभ्याउभ्या करीत होतो. त्यांनी दारूच्या व्यसनाविषयी काही कठोर वाक्ये उच्चारली. पुढच्याच बाकावर गावातील एक प्रतिष्ठित गृहस्थ बसले होते. त्यांना बोचू नये म्हणून मी ती वाक्ये गाळली व त्यांच्या जागी घरातील शांततेविषयी दोन गुळगुळीत वाक्ये सांगितली. फादरांनी माझे आभार मानले. त्या गृहस्थांनी तर मिस्सेनंतर हात धरून माझी स्तुती केली. घरी येऊन मी जेवू शकलो नाही. हिदेयोशीच्या दरबारापुढे माझा तो दरबार किती लहान होता! तरीही मी तेथे टिकलो नाही. म्हणून गोन्सालो यांचा हा प्रसंग मला त्यांच्या क्रुसाइतकाच मोठा वाटतो.

आश्चर्य असे, की हिदेयोशी संतापला नाही. त्याने मैत्रीचे बोलणे मान्य केले आणि पाहुण्यांना देशात राहू दिले. पुढे त्यांना क्योतो शहरात जागा मिळाली. तेथे १५९४ मध्ये त्यांनी देवदूतांच्या राणीच्या नावाने देऊळ बांधले व जवळच कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये उघडली. गोन्सालो यांच्यावाचून त्या मठाचे पान हालत नसे. नव्याने आलेल्या फादरांना भाषा येत नव्हती, तेव्हा उपदेश त्यांनीच समजावून सांगायचा, अधिकाऱ्यांकडे त्यांनीच जायचे आणि रोग्यांचे गाऱ्हाणेही त्यांनीच ऐकायचे.

या काळात त्यांच्यावर आणखी एक अवघड प्रसंग आला होता. जपानातील मिशनकार्य येशूसंघाकडेच असावे, असा पोप तेरावे ग्रेगरी यांचा १५८५ चा लेख होता. त्यामुळे फ्रान्सिस्कनांचे येणे येशूसंघीयांना रुचले नाही. शिवाय हुकूम डोक्यावर लटकत असता फ्रान्सिस्कनांनी उघडपणे उपदेश करणे त्यांना अविचाराचे वाटे. दोन्ही पक्षांत देवभीरू माणसे होती आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, असे मला वाटते. गोन्सालो यांची अडचण अशी, की एका बाजूस त्यांचे बालपणीचे गुरू व दुसऱ्या बाजूस त्यांचे आजचे बंधू. इथेही पुन्हा ते दोघांच्या मध्येच उभे होते.

१५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज मनिलाहून मेक्सिकोकडे जाताना वादळात सापडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागले. त्यावरील मोलाचा माल हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी जप्त केला. त्या वेळी जहाजाचे सुकाणू सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने नकाशा दाखवून आपल्या राजाच्या सामर्थ्याची फुशारकी मारली आणि मिशनरी आधी जातात व मागून सैन्य येते, अशा अर्थाचे काही बोलला, असे सांगण्यात येते. तो नेमके काय बोलला, याविषयी येशूसंघीय व फ्रान्सिस्कन लेखकांचे आजवर एकमत नाही. हे मात्र खरे, की हिदेयोशी खवळला आणि डिसेंबरात क्योतोच्या मठाभोवती पहारे बसले. तीन वर्षे सरळ बोलून जे राखले होते, ते काही आठवड्यांत कोसळले.

चोवीस जणांना शिक्षा ठरली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व बाकीचे जपानी ख्रिस्ती लोक होते. तीन तर केवळ बारा ते चौदा वर्षांची मुले होती. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतो येथे प्रत्येकाच्या डाव्या कानाची पाळी कापण्यात आली व त्यांना गाड्यांत बसवून शहरातून फिरविण्यात आले. नंतर भर हिवाळ्यात, सुमारे एक महिना, त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. वाटेत त्यांची शुश्रूषा करणाऱ्या आणखी दोघांना पकडून त्यांत घातले आणि संख्या सव्वीस झाली. ज्या येशूसंघाने आपल्याला घेतले नाही, त्याच संघाचे पॉल मिकी व त्यांचे दोन सोबती आता गोन्सालो यांच्याबरोबर त्याच वाटेने चालले होते. कोण कोणत्या संघाचा, हा वाद त्या वाटेवर उरला नव्हता.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस तयार ठेवले होते. ब्रदर गोन्सालो आघाडीला होते. वृत्तांतात असे नमूद आहे, की टेकडीवर पोहोचताच ते सरळ पहिल्या क्रुसाकडे गेले आणि हा आपला का, असे त्यांनी विचारले. तो त्यांचा नव्हता. त्यांना दुसऱ्या क्रुसाजवळ नेण्यात आले. तेथे गुडघे टेकून त्यांनी त्यास मिठी मारली. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द बोलणाऱ्या या मनुष्याने त्या दिवशी स्वतःसाठी विचारले ते एवढेच. नंतर प्रत्येकाच्या दोन्ही कुशींतून भाले खुपसण्यात आले. गोन्सालो तेव्हा चाळिशीत होते.

पोप आठवे अर्बन यांच्या कारकीर्दीत, १६२७ साली, त्यांना धन्य म्हणून घोषित करण्यात आले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सर्व सव्वीस जणांना संतपद दिले. भारतात जन्मलेल्यांपैकी हा मान मिळविणारे गोन्सालो हे पहिले होत. पवित्र देऊळमाता त्यांचा सण पॉल मिकी व इतर सोबत्यांसमवेत ६ फेब्रुवारीस पाळते. नागासाकीच्या त्या टेकडीवर १९६२ मध्ये स्मारक उभारले गेले. त्यावरील सव्वीस मूर्तींमध्ये आपल्या वसईकराचीही मूर्ती आहे.

ज्यांना जपान दूर आहे, त्यांनी एखाद्या रविवारी सहकुटुंब वसईच्या किल्ल्यात जावे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतल्यानंतर तेथील पोर्तुगीजांची देवळे ओस पडली. आज बहुतेकांच्या भिंतीच उरल्या आहेत. त्यांतच येशूसंघाचे जुने देऊळ आहे, जेथे गोन्सालो यांचे गुरुजन मिस्सा करीत. त्या देवळाचे मूळ नाव येशूचे पवित्र नाम असे होते. आता वसईचे लोक त्यास गोन्सालो गार्सियांचे देऊळ म्हणून ओळखतात.