मिशिगन सरोवराच्या तळाशी गेलेला इंजिनिअर

शिकागोच्या मराठी माणसाला डेव्हन ॲव्हेन्यू माहीत नाही असं होणारच नाही. दिवाळीच्या आधी भाजणी, पणत्या, मिठाई अशी यादी घेऊन आपण सगळे तिथे जातोच. पण दुकानांची रांग मागे टाकून याच रस्त्यानं पूर्वेला गेलं, की तो शेरीडन रोडला संपतो आणि पलीकडे मिशिगन सरोवर लागतं. याच सरोवरात, इथून उत्तरेला शंभरेक मैलांवर, १९३७ साली विशीतल्या एका इंजिनिअरनं पाणबुड्यांचं जग बदलून टाकलं. त्याचं नाव मॅक्स नोल.

नोलचा जन्म १९१० सालचा, मिलवॉकीचा. शिक्षण एमआयटीत. पण सगळं वेड पाण्याखालचं! १९१५ मध्ये आयर्लंडजवळ बुडालेल्या ल्युसिटानिया जहाजापर्यंत उतरायचं, असा बेत त्यानं कॅप्टन जॉन क्रेग यांच्याबरोबर आखला. जहाज होतं सुमारे तीनशे फुटांवर. तेवढ्या दाबाखाली साध्या हवेतला नायट्रोजन माणसाला दारूसारखा चढतो आणि डोकं चालेनासं होतं.

मार्क्वेट विद्यापीठाचे डॉ. एडगर एंड यांनी सुचवलं, की नायट्रोजन काढून त्या जागी हेलियम वापरू. दोघांनी दाबाच्या बंद खोलीत आधी स्वतःवरच प्रयोग केले. मग १ डिसेंबर १९३७ रोजी, ऐन थंडीत, पोर्ट वॉशिंग्टनजवळ नोल पाण्यात उतरला आणि ४२० फुटांवर पोचला. तिथे दाब जमिनीवरच्या तेरा पट असतो. तो त्या वेळचा जागतिक विक्रम ठरला. ल्युसिटानियापर्यंत मात्र तो कधीच पोचला नाही.

हेलियमनं एक प्रश्न सोडवला आणि दोन नवे निर्माण केले. हा वायू हवेच्या सुमारे सहापट वेगानं उष्णता पळवतो, त्यामुळे पाणबुड्या गारठतो. शिवाय आवाज डोनाल्ड डकसारखा चिरका होतो. खालचा माणूस मदत मागतोय की सगळं ठीक आहे म्हणतोय, हे वरच्याला कळणार कसं?

त्याच वर्षी नोलनं मित्रांबरोबर मिलवॉकीत डेस्को ही कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धात तिनं अमेरिकन नौदलासाठी मार्क फाइव्ह हेल्मेटं बनवली. ही तांब्याची, आणि वर चक्क कल्हई! आजीच्या पितळी पातेल्याला असायची तशीच. मागच्या बाजूला दोन वाकड्या नळ्या. एकीतून हवा यायची, दुसरीतून टेलिफोनची तार.

हवेच्या नळीशी एकाच दिशेनं उघडणारा छोटासा व्हॉल्व्ह असतो. वर पाइप फुटला तर हेल्मेटमधली हवा उलटी धावते आणि बाहेरचा दाब माणसाला चिरडू शकतो. त्याला वाचवतो तो हाच व्हॉल्व्ह. त्यात वाळूचा एक कण अडकला तरी खेळ खलास! म्हणून प्रत्येक वापरानंतर हेल्मेट गोड्या पाण्यानं धुवायचं, पुसून कोरडं करायचं, व्हॉल्व्ह तपासायचा, मानेशी असलेलं चामड्याचं वॉशर कडक झालंय का ते बघायचं. टेलिफोनच्या जोडांवर हिरवा कळंक चढला तर घासून काढायचा, नाहीतर आवाजात खरखर सुरू होते. फोन बंद पडलाच, तर दोरीला ठराविक हिसके देऊन बोलायचं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्याला बॅकअप म्हणतात, तो इथे दोरीचा!

१९६० साली नोल मोटार अपघातात गेला. समुद्राच्या तळाला न घाबरलेला माणूस रस्त्यावर गेला, याचं वाईट वाटतं. त्याचा विक्रम पुढे मोडला गेला. पण खोल पाण्यात काम करणारे व्यावसायिक पाणबुडे आजही हेलियमच्याच मिश्रणावर श्वास घेतात. त्यांचा चिरका आवाज समजेल असा करून देणारी यंत्रं आता आली आहेत. तरीही पाणबुड्या खाली जाण्याआधी वरचा माणूस फोनवर त्याला हाक मारतो आणि उत्तर नीट ऐकू आल्यावरच त्याला पाण्यात सोडतो.