फेसाळ पेल्याचा संयमी शिल्पकार

मद्यविक्रीवर आयुष्यभर प्रपंच चालवायचा आणि झिंगलेल्या माणसाला मात्र आपल्या दुकानात थारा द्यायचा नाही, हे ऐकताना विसंगत वाटते. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात हेन्री चार्ल्स रामोस या गृहस्थाने ते सुमारे तीन दशके करून दाखविले. जिन, लिंबू, साखर आणि अंड्यातील पांढरा भाग घुसळून तयार होणाऱ्या फेसाळ पेयांत ज्याचे नाव सर्वांत वर घेतले जाते, ते 'रामोस जिन फिझ' याच रामोस यांचे. घरच्या घरी जिनचे आंबटगोड पेय करू पाहणारे जगभरातील हौशी लोक आजही त्यांच्याच वाटेने जातात. त्या पेल्यामागच्या माणसाची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही.

रामोस यांचा जन्म १८५६ साली इंडियाना राज्यातील व्हिन्सेन्स या गावी झाला. बालपणीच कुटुंब न्यू ऑर्लिन्सला स्थलांतरित झाले आणि पुढचे सारे आयुष्य लुइझियाना राज्यातच गेले. तरुणपणी त्यांनी बिअर विकणाऱ्या दुकानात उमेदवारी केली, काही काळ बॅटन रूज येथे व्यवसाय केला आणि १८८० च्या दशकाच्या अखेरीस भावाच्या साथीने न्यू ऑर्लिन्समध्ये ग्रॅव्हियर मार्गावरील 'इम्पीरियल कॅबिनेट' हे मद्यालय चालविण्यास घेतले. तेथेच १८८८ मध्ये त्यांनी आपले प्रसिद्ध पेय सिद्ध केले. सुरुवातीला ते शहराच्या नावाने ओळखले जाई. पुढे गिऱ्हाइकांनीच त्याला मालकाचे नाव बहाल केले.

या पेयाचे मूळ कूळ साधे आहे. मद्य, लिंबाचा रस आणि साखर या त्रयीला इंग्रजीत 'सावर', म्हणजे आंबट, असे नाव पडले. जेरी थॉमस या न्यूयॉर्कच्या नामवंत मद्यसेवकाने १८६२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात जिनच्या सावरची कृती सापडते. परंतु त्यात अंड्याचा मागमूस नाही. फेस नंतर आला. १९२२ मध्ये लंडनमध्ये रॉबर्ट व्हरमायर यांनी अंड्यातील पांढऱ्याचे काही थेंब कोणत्याही सावरची चव सुधारतात, असे नोंदवून ठेवले, तोवर रामोस यांचा पेला तीन दशकांहून अधिक जुना झाला होता. रामोस यांनी सावरच्या या त्रयीत अंडे, साय, संत्र्याच्या फुलांचा अर्क आणि शेवटी सोडा घातला. पेला पांढराशुभ्र, मऊ आणि ढगासारखा हलका होई.

हा हलकेपणा फुकट मिळत नव्हता. मिश्रण इतका वेळ हलवावे लागे की एका माणसाचे हात भरून येत. बारा मिनिटे हा आकडा नेहमी सांगितला जातो. त्यात थोडी दंतकथा मिसळली असावी, पण कष्ट खरे होते. रामोस यांनी त्यासाठी केवळ पेला हलविणारी तरुण मुले नोकरीला ठेवली. एक थकला की तो भांडे शेजाऱ्याच्या हाती देई. १९१५ च्या कार्निव्हल उत्सवात अशी तिसाहून अधिक मुले एका रांगेत उभी राहून भांडी हलवीत होती आणि तरीही मागणी पुरी होत नव्हती, असे वर्णन मिळते. पेयाला नाव मालकाचे मिळाले. घुसळणारे हात निनावीच राहिले.

व्यवसाय इतका तेजीत असताना रामोस यांचे नियम मात्र कडक होते. दुकान रात्री आठलाच बंद होई. रविवारी ते जेमतेम दोन तास उघडे असे. मालक स्वतः गिऱ्हाइकांमध्ये फिरत आणि कोणाचा तोल जातो आहे काय, यावर नजर ठेवीत. आरडाओरडा, भांडण, झिंगणे यांना तेथे वाव नव्हता. रात्री उशिरापर्यंत गल्ला भरण्याची संधी त्यांनी रोज सोडली, हे त्या रंगेल शहरात विशेषच म्हटले पाहिजे. १९०७ मध्ये त्यांनी सेंट चार्ल्स हॉटेलसमोरील 'स्टॅग' हे मद्यालय घेतले. जागा बदलली, शिस्त तीच राहिली.

त्यांची खरी कसोटी १९१९ मध्ये लागली. अमेरिकेत दारूबंदीचा कायदा आला. बेकायदा गुत्ते गल्लोगल्ली निघणार हे उघड होते आणि रामोस यांच्या पेयाला गिऱ्हाइकांची वाण पडली नसती. त्यांनी मात्र ऑक्टोबर १९१९ मध्ये दुकानाला कुलूप लावले. आयुष्यभर मद्यपींना दाराबाहेर ठेवणारा हा दुकानदार, दारूच्या दुष्परिणामांवर उपाय म्हणून आलेल्या कायद्यानेच बेरोजगार झाला. संयमाने विकणारा आणि बेफाम विकणारा, असा भेद त्या कायद्याने केला नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला, तेव्हा धाराशिव जिल्हा हैदराबाद राज्यात होता. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर तोच कायदा येथेही लागू झाला. संपूर्ण बंदी पुढे सैलावली, तरी मद्यप्राशनासाठी परवान्याची आणि कडक मद्यासाठी वयाच्या पंचविशीची अट कायम आहे. गावातील महिलांना मतदानाने दुकान बंद करण्याचा अधिकारही राज्याने दिला आहे आणि 'आडवी बाटली' हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. दारूने संसार मोडलेल्या घरासमोर रामोस यांच्या शिस्तीचे कौतुक तोकडे पडते, हेही खरेच. एका दुकानदाराचा संयम साऱ्या शहराला पुरत नाही.

दुकान बंद झाल्यावर रामोस यांच्यापाशी उरली ती केवळ कृती. ती त्यांनी वर्षानुवर्षे गुपित ठेवली होती. मृत्यूपूर्वी त्यांनी ती न्यू ऑर्लिन्सच्या एका वृत्तपत्राला सांगून टाकली. कदाचित दुकान पुन्हा उघडणार नाही, हे त्यांनी ओळखले असावे. त्यामुळे एका मद्यालयाची मिरास घराघरांची झाली.

ती कृती अशी : एक मोठा चमचा दळलेली साखर, संत्र्याच्या फुलांच्या अर्काचे तीन-चार थेंब, दोन जातींच्या लिंबांचा अर्धा-अर्धा रस, सुमारे ४५ मिलिलिटर किंचित गोडसर जिन, एका अंड्यातील पांढरा भाग, दोन मोठे चमचे साय किंवा घट्ट दूध आणि भरपूर बर्फाचा चुरा. सारे घट्ट झाकणाच्या भांड्यात दाट होईपर्यंत हलवायचे, गाळायचे आणि वर थोडा सोडा ओतायचा.

धाराशिव, तुळजापूर वा उमरग्याच्या घरात हे करायचे तर पिवळ्या विदेशी लिंबावाचून अडत नाही. आपले कागदी लिंबू पुरते. फुलांचा अर्क मिळाला नाही तर वगळावा. त्याजागी केवड्याचे पाणी घातल्यास पेयाला सरबताचा वास येतो. दुधाची मात्र काळजी घ्यावी. भूम-कुंथलगिरीच्या खव्याचा लौकिक असलेल्या या जिल्ह्यात लिंबाने दूध नासते हे कोणाला सांगायला नको. म्हणून सारे जिन्नस थंड असावेत, साय शेवटी घालावी आणि लगेच हलवायला घ्यावे. साय नको असेल तर ती आणि सोडा दोन्ही गाळावेत, म्हणजे साधा फेसाळ सावर उरतो. तो आधी बर्फाशिवाय अर्धा मिनिट आणि मग बर्फासह हलविल्यास फेस अधिक टिकतो. अंड्यातील प्रथिने घुसळल्याने उलगडतात, हवेचे बुडबुडे धरून ठेवतात आणि लिंबाचे आम्ल त्यांना बळ देते. पिवळ्या बलकाचा थेंबही पडला तर फेस बसतो. अंडे ताजे आणि स्वच्छ असावे. कच्चे अंडे वृद्धांनी व आजारी माणसांनी टाळावे. शाकाहारी मंडळी अलीकडे काबुली चणे शिजवल्यावर उरलेले घट्ट पाणी त्याजागी वापरतात आणि फेस तितकाच उभा राहतो.

रामोस १९२८ मध्ये निवर्तले. दारूबंदी उठली ती १९३३ च्या डिसेंबरात. दोन वर्षांनी न्यू ऑर्लिन्सच्या रूझवेल्ट हॉटेलने पेयाच्या नावाचे हक्क मिळविले. त्याच वर्षी लुइझियानाचे सिनेटर ह्युई लाँग यांनी त्या हॉटेलातील मद्यसेवकाला न्यूयॉर्कला नेऊन तेथील लोकांना हे पेय करण्याचे धडे देवविले.