डॉ. कमला सोहोनी : रोजच्या ताटातले विज्ञान



श्रावण लागला की आपल्या बेळगाव-निपाणी भागात घरोघरी कडधान्ये भिजत पडतात. मूग, मटकी, मसूर, हुलगा, पावटा. रात्री भिजवायचे, सकाळी उपसून फडक्यात बांधायचे आणि मोड आले की उसळ करायची. आमच्या आईला हे आजीने शिकवले, आजीला तिच्या सासूने. हे असेच का करायचे, असा प्रश्न आमच्या घरात कधी कुणी विचारला नाही. तसा प्रश्न विचारून प्रयोगशाळेत त्याचे उत्तर शोधणारी एक मराठी बाई होऊन गेली. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी. लेखिका दुर्गा भागवत आपणा सर्वांना ठाऊक आहेत. कमलाबाई त्यांच्या धाकट्या बहीण. दुर्गाबाईंचे नाव मराठी घरांत पोचले तेवढे कमलाबाईंचे पोचले नाही, म्हणून हा लेख.

मी स्वतः बी.कॉम., सगळी नोकरी बँकेत गेली. रसायनशास्त्रातले मला फारसे कळत नाही. पण जेवढे वाचून समजले तेवढे आपल्या भाषेत सांगतो.

कमलाबाईंचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूरला झाला. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बेंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून, अगदी सुरुवातीच्या काळात शिकून बाहेर पडलेल्यांपैकी ते होते. त्यामुळे विज्ञान शिकायचे आणि तेही त्याच संस्थेत, हे कमलाबाईंच्या मनात लहानपणापासून होते. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्र हा मुख्य विषय असलेली बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी लगेच बेंगळूरला संशोधनासाठी अर्ज केला.

अर्ज नामंजूर झाला. गुण कमी होते म्हणून नव्हे, तर अर्जदार मुलगी होती म्हणून. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. १९३० साली नोबेल मिळवलेले, देशभर ज्यांचा दबदबा होता असे शास्त्रज्ञ. संशोधन हे बायकांचे काम नव्हे, असे त्यांचे मत होते. वडील आणि काका रदबदली करायला गेले, तरी रामन बधले नाहीत.

तेव्हा कमलाबाई स्वतः बेंगळूरला गेल्या आणि नकाराचे कारण विचारू लागल्या. मिठाच्या सत्याग्रहाला जेमतेम तीन वर्षे झाली होती. गांधीजींचा मार्ग त्यांनी संचालकांच्या दारात वापरला. प्रवेश मिळेपर्यंत हलणार नाही, असे सांगून त्या कार्यालयासमोर बसल्या. शेवटी रामन यांना माघार घ्यावी लागली, पण त्यांनी अटी घातल्या. पहिले वर्ष प्रवेश कायम धरला जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करावे लागेल आणि प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये. या तिसऱ्या अटीचा अर्थ उघड होता. तिथे काम करणाऱ्या पुरुषांचे लक्ष विचलित झाले तर दोष मुलीचा!

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, कारण दुसरा रस्ता नव्हता. पण अपमान त्या विसरल्या नाहीत. पुढे उतारवयात त्यांनी ही सल जाहीरपणे बोलून दाखवली.

इथे मला माझी एक गोष्ट कबूल करावीशी वाटते. मी एका शाखेचा व्यवस्थापक असताना आमच्याकडच्या एका महिला अधिकाऱ्याने ग्रामीण शाखेत बदली मागितली होती. बढतीसाठी तेवढी नोकरी खेड्यात करावी लागे. रात्री-अपरात्री एसटीचा प्रवास, गाव अनोळखी, असा विचार करून मीच तिला अर्ज मागे घ्यायला सांगितले. तिच्या भल्याचेच सांगतोय, असे मला मनापासून वाटत होते. तिच्या मागून आलेले दोघे पुढे गेले. कमलाबाईंच्या अटी वाचताना मला त्या बाईंचा चेहरा आठवला. रामन यांनाही आपण संस्थेचे भलेच करतो आहोत असे वाटत असणार.

बेंगळूरला कमलाबाईंना मार्गदर्शक चांगले मिळाले. एम. श्रीनिवासय्या शिस्तीचे कडक होते, पण शिकवताना त्यांनी हातचे काही राखले नाही. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दुधातील आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम सुरू केले. त्या काळी भारतात या विषयाकडे फारसे कुणाचे लक्ष नव्हते. ज्या देशात बहुसंख्य लोकांच्या ताटात मांस-मासळी रोज येत नाही, तिथे अंगाला लागणारे प्रथिन येते ते डाळी आणि कडधान्यांतून. तेव्हा त्यात नेमके काय असते आणि ते पचते किती, हे पाहणे गरजेचे होते. वर्षभरात त्यांचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि प्रवेश कायम झाला. १९३६ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळवली. पुढे याच संस्थेत रामन यांच्या प्रयोगशाळेत अण्णा मणी यांच्यासारख्या मुली संशोधन करू लागल्या.

१९३७ साली कमलाबाई शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांवरील कामासाठी नोबेल मिळालेले सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स तिथल्या जीवरसायन विभागाचे प्रमुख होते. तिथे बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी नावाचे द्रव्य सापडले. श्वासातून घेतलेल्या प्राणवायूचा उपयोग करून अन्नातून शक्ती काढण्याचे जे काम पेशींत चालते, त्यात या द्रव्याचा वाटा असतो. ते प्राण्यांप्रमाणे वनस्पतींतही असते, हे यातून दिसले. अवघ्या चौदा महिन्यांत त्यांनी प्रबंध पूर्ण केला आणि तो होता जेमतेम चाळीस पानांचा. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय महिला म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

परदेशात राहून मोठे नाव कमावता आले असते. कमलाबाई १९३९ साली परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख झाल्या. पुढे निलगिरीत कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम केले. हीच प्रयोगशाळा नंतर हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून प्रसिद्ध झाली. १९४७ साली विमागणिताचे तज्ज्ञ असलेल्या सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक म्हणून आल्या.

मुंबईतल्या या वर्षांतले काम आपल्या स्वयंपाकघराच्या सर्वांत जवळचे आहे. आपण डाळ किंवा उसळ खातो तेव्हा तिच्यातले प्रथिन आतड्यात सुटे व्हावे लागते, तरच ते अंगी लागते. ते सुटे करण्याचे काम ट्रिप्सिन नावाचे पाचक द्रव्य करते. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दाखवले की पावटा, डबल बी यांसारख्या कच्च्या कडधान्यांत या ट्रिप्सिनचे काम अडवणारे पदार्थ असतात. म्हणजे प्रथिन पोटात जाते, पण पचन अडते. हे अडवणारे पदार्थ चांगल्या उष्णतेने बऱ्याच अंशी निकामी होतात. म्हणून कडधान्य नीट शिजवणे महत्त्वाचे. भिजवल्याने आणि मोड आणल्याने लोह-जस्तासारखी खनिजे धरून ठेवणारे आम्लही कमी होते, शिवाय मोडात क जीवनसत्त्व तयार होते. आजीच्या फडक्याला असा आधार आहे. पावट्याची उसळ अर्धकच्ची राहिली की पोट का बिघडते, तेही यातून समजते.

निपाणीला माझी काही वर्षे नोकरी झाली. तंबाखूच्या वखारीत आणि बिड्या वळायला जाणाऱ्या बाया दुपारच्या सुटीत बचत खात्यात पैसे भरायला येत. त्यांच्या डब्यात ज्वारीची भाकरी, ठेचा आणि मसुराची नाहीतर हुलग्याची आमटी असे. ज्वारीच्या प्रथिनात जे कमी असते ते कडधान्यात असते आणि कडधान्यात जे कमी असते ते ज्वारीतून मिळते. दोन्ही एकत्र खाल्ली की प्रथिनाची प्रत सुधारते. कमलाबाईंनी आयुष्यभर ज्या अन्नाचा अभ्यास केला ते हे, कष्टकरी माणसाच्या डब्यातले अन्न.

त्यांचे दुसरे गाजलेले काम नीरेवर होते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतले. ताडा-माडाचा ताजा रस म्हणजे नीरा. ती पहाटे उतरवून लगेच प्यायची असते. ऊन चढले की आंबू लागते आणि ताडी होते. कमलाबाईंना नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह सापडले आणि नीरा आटवून केलेल्या गुळातही त्यांपैकी बरेच टिकते असे दिसले. आदिवासी भागातील कुपोषित मुले आणि गरोदर बायका यांना नीरा दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा आढळली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे दूध योजनेलाही दुधाची प्रत राखण्याच्या कामी त्यांनी सल्ला दिला.

एवढे सगळे असूनही ज्या संस्थेत त्यांनी विभाग उभा केला, तिचे संचालकपद त्यांना वेळेवर मिळाले नाही. बाई असल्यामुळे चार वर्षे ते लांबले. अखेर त्या संचालक झाल्या. १९३३ साली बेंगळूरच्या दारात जे घडले, तेच इतक्या वर्षांनी स्वतंत्र भारतात मुंबईत वेगळ्या रीतीने घडले. तरीही त्या काम करत राहिल्या आणि विद्यार्थी घडवत राहिल्या.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. भेसळ आणि मापातली फसवणूक यांविरुद्ध ग्राहकांना जागे करण्यासाठी १९६६ साली मुंबईत महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था सुरू केली. कमलाबाई तिच्या कामात होत्या आणि १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या. संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात त्या लिहीत. सर्वसामान्य गृहिणीला समजावे म्हणून त्यांनी मराठीत आहारावर 'आहार-गाथा' हे पुस्तकही लिहिले. प्रयोगशाळेत मिळालेले ज्ञान स्वयंपाकघरापर्यंत पोचवण्याचे काम त्यांनी स्वतः केले.

देशाने त्यांची दखल उशिरा घेतली. १९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. वय ८५च्या पुढे गेले होते. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले. २०२३ साली त्यांच्या जन्मदिनी गुगलने त्यांचे चित्र झळकवले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना त्यांचे नाव प्रथम कळले. मलाही तेव्हाच कळले, हे सांगायला संकोच वाटतो.

आज आपल्या भागातली कितीतरी मुले-मुली रात्रीच्या बसने बेंगळूरला शिकायला आणि नोकरीला जातात. ज्या संस्थेच्या दारात कमलाबाईंना बसावे लागले, तिथे आता मुलीही शिकतात. पण घरात, कचेरीत, बदलीच्या आणि बढतीच्या कागदावर आपण अजूनही मुलींना अटी घालतोच. बहुतेक वेळा प्रेमाने, त्यांच्या भल्यासाठी म्हणून. आपल्या एखाद्या मुलीने किंवा सुनेने पुढे शिकण्याची, लांबच्या गावी काम करण्याची गोष्ट काढली, तर नाही म्हणण्यापूर्वी कमलाबाईंची आठवण करावी, एवढीच विनंती. माझ्याकडून तेव्हा ते राहून गेले.

येत्या श्रावणात पावटा भिजवाल तेव्हा नातवंडांना जवळ बोलवा आणि या बाईंची गोष्ट सांगा. आणि उसळ चांगली शिजू द्या.