कुंभकोणमचे माधवराव : राजशिष्यांचे गुरू

कावेरीच्या काठी वसलेले कुंभकोणम हे देवळांचे गाव, तसेच विद्येचेही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरास मराठी राज्य स्थापिले आणि त्या राज्याच्या आश्रयाने अनेक मराठी घराणी या मुलखात कायमची रुजली. उंबऱ्याबाहेर तमिळ आणि उंबऱ्याआत मराठी, असा त्यांचा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालला. अशाच एका देशस्थ घराण्यात २० नोव्हेंबर १८२८ रोजी कुंभकोणम येथे माधवरावांचा जन्म झाला. सर टी. माधवराव या नावातील ‘टी’ तंजावरचा. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. परंतु दिवाणगिरीची वस्त्रे अंगावर येण्यापूर्वी ते शिक्षक होते, आणि अखेरपर्यंत शिक्षकच राहिले, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

वडील रंगराव व चुलते व्यंकटराव या दोघांनीही त्रावणकोरची दिवाणगिरी केलेली. माधवरावांचे शिक्षण मद्रासच्या हायस्कुलात झाले. तेथे त्यांना एअर बर्टन पॉवेल हे केंब्रिजचे गणिती गुरू लाभले. बांबूच्या नळ्या आणि बाजारात मिळणारी भिंगे घेऊन माधवरावांनी दुर्बिणी तयार केल्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८४६ मध्ये त्यांनी पदवी मिळविली आणि काही काळ त्याच विद्यालयात गणित व पदार्थविज्ञान शिकविले. सिद्धान्त आधी, त्याची कारणे मागाहून आणि शेवटी उदाहरण, ही गणिताची शिस्त त्यांच्या बोलण्यात कायमची उतरली.

१८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांना बोलावणे आले. गुरूचे वय अवघे एकवीस आणि थोरले शिष्य आयिल्यम तिरुनाळ सतरा वर्षांचे! धाकटे विशाखम तिरुनाळ बारा वर्षांचे होते. चार वर्षे हे अध्यापन चालले. पुढे माधवराव महसूल खात्यात गेले, १८५७ मध्ये दिवाण झाले आणि १८६० मध्ये त्यांचा शिष्यच गादीवर आला. गुरू दिवाण आणि शिष्य राजा, असा योग दुर्मिळ. मिरीचा मक्ता उठला, कर्जात रुतलेला खजिना सावरला, आणि १८६६ मध्ये त्रिवेंद्रमच्या राजविद्यालयाचे महाविद्यालय झाले.

तथापि याच योगाची दुसरी बाजूही आहे. पुढे गुरुशिष्यांत बेबनाव झाला आणि १८७२ मध्ये माधवरावांना त्रावणकोर सोडावे लागले. ज्याला आपण घडविले, त्याच्याच मनातून आपण उतरावे, यापरते शिक्षकाचे दुःख कोणते? चांगले शिकविले म्हणजे शिष्य सदैव आपल्या मताने चालेल, हा भ्रम अशा अनुभवानंतर कोणाचाही टिकणार नाही.

इंदूरची दिवाणगिरी करून १८७५ मध्ये ते बडोद्यास आले. त्याच वर्षी महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला. अक्षरओळखही जेमतेम असलेला हा मुलगा म्हणजेच सयाजीराव गायकवाड. एलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाकडे त्यांचे नित्याचे शिक्षण सोपविले होते. परंतु १८८१ मध्ये, राज्याधिकार हाती येण्यापूर्वी, अठरा वर्षांच्या महाराजांना राजधर्माचे तत्त्वज्ञान सांगण्याचे काम माधवरावांनी स्वतः केले. ती व्याख्याने ‘मायनर हिंट्स’ या नावाने ग्रंथरूप झाली.

महाविद्यालयात नीतिशास्त्र शिकविणाऱ्याने ती आजही अवश्य वाचावीत. मोठमोठ्या ग्रंथकारांच्या नावांची आरास तेथे नाही. लहान लहान वाक्ये, एका वेळी एकच विचार, आणि तो का मानावयाचा याचे कारण. प्रजेचे सुख हेच राज्याचे प्रयोजन. न्याय करताना दोन्ही बाजू ऐकाव्यात. योग्य माणसे निवडून त्यांच्यावर विश्वास ठेवावा. खुशामतीपासून दूर राहावे, असे त्यांचे विषय. उद्या सकाळी कचेरीत बसल्यावर जो प्रश्न समोर येणार, त्यालाच तत्त्वाची जोड द्यावयाची, अशी त्यांची रीत होती. विद्यार्थ्याच्या गरजेतून विषयाकडे जाणारा हा मार्ग सोपा दिसतो. पण तो सापडण्यास त्यांना तीस वर्षांचा अनुभव खर्ची घालावा लागला.

डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीरावांनी सूत्रे हाती घेतली. त्यांचे मार्ग स्वतंत्र ठरले, दिवाणांशी मतभेद झाले, आणि १८८२ मध्ये माधवराव बडोद्याहून निघाले. इतिहासाने त्रावणकोरचाच प्रसंग पुन्हा दाखविला, असे वरवर वाटते. परंतु याच शिष्याने १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सर्व राज्यात नेले. स्वतःच्या बुद्धीने विचार करणारा राजा निर्माण झाला, हेच गुरूचे यश नव्हे काय?

उरलेला काळ माधवरावांनी मद्रासला मैलापुरात वाचन-लेखनात घालविला. हर्बर्ट स्पेन्सर हा त्यांचा आवडता तत्त्वज्ञ. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. १८८९ मध्ये मुलांच्या संगोपनावर त्यांनी एक पुस्तिका लिहिली. तिचे मराठीतही भाषांतर झाले. राजपुत्रांना शिकविणारा हा गुरू शेवटी सामान्य घरांतील मुलांकडे वळला होता. ४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे देहावसान झाले.

महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर जन्मलेल्या या मराठी माणसाने मल्याळी राजपुत्रांना शिकविले आणि नाशिककडच्या खेड्यातील मुलालाही. आपण परमुलखात मुले वाढवीत आहोत. ती आपल्यापेक्षा वेगळा विचार करू लागली, तर मन खट्टू होते. अशा वेळी कुंभकोणमच्या या गुरूची आठवण ठेवावी.