नामदार नाना शंकरशेट आणि सोनापूरची स्मशानभूमी

ज्या थोर पुरुषांच्या नामस्मरणाने आपल्या दैवज्ञ ज्ञातीची मान उंचावते, त्यांत नामदार जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचे स्थान अग्रभागी आहे. शिक्षण, रेल्वे व राजकारण या क्षेत्रांतील त्यांची कामगिरी सर्वश्रुत आहे. परंतु मुंबईकर हिंदूंची स्मशानभूमी त्यांनी कशी राखली, ही हकीकत आपल्या तरुण पिढीस फारशी ठाऊक नाही. म्हणून त्यांच्या चरित्रातील हे प्रकरण ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. मूळ आडनाव मुरकुटे. घराणे घोडबंदरचे. वडील शंकरशेट यांनी मुंबईत व्यापारात विपुल संपत्ती मिळविली होती. मातोश्री भवानीबाई नानांच्या बालपणीच निवर्तल्या व १८२२ साली पितृछत्रही हरपले. वयाची विशी उलटण्यापूर्वीच पेढीचा भार त्यांच्या शिरावर आला. तो समर्थपणे वाहून त्यांनी आपले द्रव्य व आयुष्य लोककार्यास वाहिले. एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी ते प्रथमपासून झटले. मुलींच्या शाळेस त्यांनी आपल्या वास्तूत जागा दिली. सतीबंदीच्या कायद्यास पाठिंबा दिला. १८५२ साली बॉम्बे असोसिएशनच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली, त्यामागेही त्यांचे परिश्रम होते.

अशा या सुधारणाप्रिय पुरुषाने सरकारशी सामना केला तो सोनापूरच्या जागेसाठी. गिरगावानजीक, तेव्हाच्या समुद्रकिनाऱ्याला लागून, सोनापूर येथे हिंदूंचे दहन व दफन फार पूर्वीपासून होत असे. शेजारीच मुसलमानांचे कबरस्तान व युरोपीयांची दफनभूमीही होती. सोनापुरास जाणे म्हणजे इहलोकीची यात्रा संपणे, असा वाक्प्रचारच मुंबईत रूढ झाला होता. पुढे शहर वाढले, वस्ती स्मशानाला येऊन भिडली. तेव्हा हिंदूंची स्मशानभूमी तेथून उठवून शिवडीस न्यावी, असा सरकारी बेत झाला.

हा प्रश्न केवळ भावनेचा नव्हता. शिवडी हे बेटाच्या दुसऱ्या, पूर्वेकडील टोकाचे ठिकाण. गाडीघोडा बाळगणाऱ्या श्रीमंतास ते अंतर जड वाटले नसते. पण तिरडी खांद्यावरून न्यावयाची ती चार माणसांनी, आणि गिरगाव-भुलेश्वरच्या चाळींतील गरिबाने ती कित्येक मैल, भर पावसात कशी न्यावी? शिवाय पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने लोकांच्या ताब्यात असलेली जागा एका हुकुमाने जाऊ दिली, तर उद्या कोणती जागा सुरक्षित राहणार? नानांनी या बेतास कडाडून विरोध केला, लोकांची बाजू सरकारदरबारी नेटाने मांडली आणि अखेर तो बेत हाणून पाडला. युरोपीयांची दफनभूमी पुढे शिवडीस गेली; हिंदूंची मात्र मूळ स्थानीच राहिली. चंदनवाडीचे स्मशान म्हणून मुंबईकर तिला आजही ओळखतात.

सतीच्या चालीविरुद्ध उभे राहणारे नाना स्मशानाच्या प्रश्नी रूढीच्या बाजूने कसे, अशी शंका कोणास येईल. प्रस्तुत लेखकाच्या मते यात विसंगती नाही. जी रूढी जिवंत माणसास जाळते ती गेलीच पाहिजे. जी रूढी मृतास त्याच्या माणसांच्या जवळ विसावा देते ती राखलीच पाहिजे. दोन्हीकडे कसोटी एकच, माणसाच्या हिताची.

३१ जुलै १८६५ रोजी नाना निवर्तले. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळू लागली, आणि एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा उभा आहे.

परंतु त्यांच्या स्मृतीस खरे अभिवादन कृतीनेच व्हावयास हवे. गावोगावी स्मशानाच्या व दफनाच्या जागांवरून आजही तंटे होतात व न्यायालयापर्यंत जातात. अशा वेळी नुसती वहिवाट सांगून भागत नाही, कागदही दाखवावा लागतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम २२ अन्वये जिल्हाधिकारी सरकारी जमीन दहन-दफनासाठी राखून ठेवू शकतात, व तशी राखलेली जमीन त्यांच्या मंजुरीवाचून अन्य कामी वापरता येत नाही. तेव्हा प्रत्येक गावच्या ज्ञातिबांधवांनी आपल्या स्मशानभूमीची नोंद सातबाराच्या उताऱ्यावर आहे की नाही, हे वेळीच तलाठ्याकडे पाहून घ्यावे. दारी प्रेत असताना दफ्तर शोधण्याचा प्रसंग कोणत्याही घरावर येऊ नये. नानांच्या पुण्यस्मृतीस सादर वंदन.