नानाभाई मूस
नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस (१८५९ - १९३६) हे भूचुंबकशास्त्रज्ञ आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक (१८९६ - १९१९) होते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नियमित नोंदी या वेधशाळेत १८४६ पासून होत. मूस यांच्या जन्मवर्षीचे सप्टेंबरातील प्रचंड चुंबकीय वादळही तेथे नोंदले गेले होते. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर त्यांच्या विद्युतप्रवाहामुळे ही मोजमापे बिघडण्याचा धोका निर्माण झाला. तेव्हा मूस यांनी अलिबाग येथे अचुंबकीय साहित्याची नवी वेधशाळा उभारली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले. त्यामुळेच कुलाब्याची नोंदमाला न तुटता अलिबागशी जोडता आली. ट्रामगाड्या १९०७ मध्ये धावू लागल्या. कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी मूस यांनी १९१० साली दोन भागांत प्रसिद्ध केल्या. अलिबागचे वेध आजही चालू आहेत.