वस्तुसंग्राहक कै. दिनकर गंगाधर केळकर

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि सरदारांच्या पागा ओस पडल्या. तलवारी देवघरात राहिल्या, कारण दसऱ्यास त्यांची पूजा होई. खोगीर, रिकीब, लगाम यांना तो मान कोठला? माळ्यावर चामडे कुजले, लोखंड मोडीत गेले. आपल्यापैकी किती घरांत हेच घडले, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

अशा काळी पुण्यात ज्ञातिभूषण कै. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे हे गृहस्थ शस्त्रे व चिलखते तर जमवीतच, पण दिवे, अडकित्ते, वाद्येही त्याच आस्थेने घरी आणीत. तलवार थोर आणि अडकित्ता क्षुद्र, असा भेद त्यांनी मानला नाही. आमच्या मते त्यांचे खरे मोठेपण येथेच आहे. हा काही संस्थानिकाचा छंद नव्हता. चष्म्यांच्या व्यवसायावर प्रपंच चाले, आणि पत्नी कमलाबाई यांची त्यांना मनःपूर्वक साथ होती.

पुत्र राजा बालवयातच निवर्तला. संग्रहालयास त्याचे नाव देण्यात आले. संग्रह पुढे २०,००० वस्तूंवर गेला. केळकरांनी तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.